सालीखालचं घराणं

दर शनिवारी दुपारी साइमा केत्तुला सौना तापवायची. घरामागं, ओढ्याच्या अंगाला, रेडवुडच्या फळ्यांची एक काळवंडलेली खोली होती. आत दगडांनी भरलेली शेगडी, एक खालचं बाक, एक वरचं, आणि पाण्याची बादली. दगड चांगले तापले की त्यांच्यावर पाणी मारायचं आणि वाफेत घाम गाळत बसायचं. दूर उत्तरेच्या थंड देशातून इथं येऊन वसलेल्या फिन लोकांचं हे आठवड्याचं न्हाण. त्याला कुणी कुणाला बोलवायला जात नसे. ज्याच्या घरावर धूर दिसेल त्याच्याकडे काखेत टॉवेल मारून निघायचं, न्हाण झालं की वेलची घातलेला गोड पाव आणि कॉफी घ्यायची, आणि तिसऱ्याच कुणाच्या तरी उखाळ्यापाखाळ्या काढत बसायचं. धूर हेच बोलावणं.

एके काळी या डोंगरावर फिन लोकांची इतकी घरं होती, की शनिवारी कुणाकडे जायचं यावरून रुसवेफुगवे होत. मग लाकडाच्या गिरणीत माणसं कमी झाली, मुलं शहरांकडे गेली, आणि म्हातारी माणसं एकामागून एक खालच्या फोर्ट ब्रॅग गावच्या दफनभूमीत जाऊन पडली. साइमाचा नवरा ओन्नी गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. तरी शनिवार चुकला नाही. धूर झाडांवरून वर चढायचा, समुद्रावरून येणाऱ्या धुक्यात मिसळायचा आणि संपायचा. तो बघणारं कुणी उरलं नव्हतं.

म्हणजे एकजण उरला होता, एस्को निसुला. वळणापलीकडं राहायचा. ओन्नी आणि तो, दोघांनी एकाच करवतीची दोन टोकं धरून आयुष्य काढलेलं. पण त्याचं हृदय कमकुवत झालं होतं आणि डॉक्टरनं त्याला सौना बंद केला होता. तो यायचा आणि पायरीवर बसून कॉफी पीत कुरकुर करायचा.

"कुणासाठी तापवतेस गं एवढं?"

"दगडांसाठी. थंडी वाजते त्यांना."

"लाकडं जाळून जाळून डोंगर बोडका करशील."

"तो तुम्ही दोघांनी आधीच केलाय. मला काय शिल्लक ठेवलंत?"

एस्को हसायचा, पाव खिशात घालायचा आणि घरी जायचा. त्यानंतर सोमवारपर्यंत साइमाच्या तोंडून शब्द निघायचा तो कोंबड्यांना हाक मारताना.

सौनाच्या मागं फर नावाचं एक सूचिपर्णी झाड आडवं पडलेलं होतं. ओन्नीनं ते शेवटच्या वर्षी पाडलं होतं. "पडू दे दोन हिवाळे," तो म्हणाला होता, "मग फोडू. कुणी खास पाहुणा आला की याच लाकडावर सौना तापवायचा." दुसरा हिवाळा त्यानं बघितलाच नाही. ओंडका तसाच राहिला, त्यावर शेवाळ चढलं, साल सुटू लागली, आणि साइमानं त्याला हात लावला नाही. खास पाहुणा म्हणावं असं कुणी आलंही नाही.

मग एका जूनमध्ये एक धुळकट लांबलचक गाडी ओढ्यापाशी थांबली. उंच, साठीला टेकलेली, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेली बाई उतरली. तिचं नाव हॅरिएट लूमिस. पूर्वेकडच्या कुठल्याशा संग्रहालयात होती.

"मिसेस केत्तुला? तुमच्या मागच्या ओंडक्याची साल जरा उचलून बघू का?"

साइमाला वाटलं, लाकूड कंपनीनं धाडलेली दिसते. "लाकूड विकायचं नाहीये."

"लाकूड नकोच आहे मला. सालीखालचं बघायचंय."

"सालीखाली काय असणार? किडे."

"तेच," हॅरिएट म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

ती कसर, कागद खाणारा चंदेरी किडा, शोधत होती. साइमाला हे कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "कसर होय! माझ्या लग्नाचे सगळे फोटो खाल्लेत तिनं. फुकट घेऊन जा, वर पाव देते." पण हॅरिएटची कसर ती नव्हती. तिनं सुरीचं पातं सालीत घालून हलकेच उचललं, आणि आतून तांबूस रंगाचं, लांब मिशांचं आणि तीन शेपट्यांचं काहीतरी सुर्रकन पळालं. चांदीचा मागमूस नाही अंगावर, एक खवला नाही. हॅरिएटनं ओल्या कुंचल्यानं त्याला अलगद अडवलं, भिंगाखाली धरलं, आणि मग, साइमाला नवल वाटलं ते याचं, परत जाऊ दिलं. साल होती तशी बसवली आणि वरून दोनदा थोपटली.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या मेणकापडावर पावाचे तुकडे मांडून हॅरिएटनं तिला सगळं घराणं समजावलं. एक तुकडा इथं ठेवला. "ही घराघरातली. पुस्तकं, खळ, धान्याची पोती. माणूस जिथं जिथं जहाजानं गेला तिथं तिथं ही त्याच्या सामानातून गेली. आता सगळ्या जगात आहे." दुसरा तुकडा तिथं ठेवला. "ही गुहांमधली, मातीखालची, मुंग्यांच्या वारुळातली. पांढुरकी, बहुतेक आंधळी. उष्ण देशांत जिथं खणाल तिथं सापडेल." मग तिनं एक बारीकसा कण उचलला आणि मेणकापडाच्या अगदी कडेला ठेवला. "आणि ही तुमची. फक्त या किनाऱ्याच्या जंगलात. कपाळावर तीन बारके डोळे जास्तीचे आहेत, बाकीच्या कसरींना नसतात. जगात दुसरीकडे कुठंही नाही."

"नातेवाईक?"

"अंबर माहितीये? झाडाचा चीक, लाखो वर्षांनी दगड झालेला. बाल्टिक समुद्राच्या काठी मिळतो. त्यात एक कसर सापडलीय. लोक म्हणतात ती हिच्या घराण्यातली."

"माझी आई त्याच समुद्राच्या वरच्या काठची," साइमा म्हणाली.

"मग तुमच्या गाववाल्याच निघाल्या."

"पण तुम्ही 'लोक म्हणतात' म्हणालात. तुम्ही काय म्हणता?"

हॅरिएटनं चष्मा काढून पुसला. तिच्या विषयातली माणसं इतकी थोडी होती, की असा प्रश्न तिला जेवणाच्या टेबलावर कुणी विचारला नव्हता. "मला वाटतं, ती अंबरवाल्यांचीही नाही. तिचं घराणं वेगळंच मांडायला हवं. तेच सिद्ध करायचंय. एकच ओंडका धरून, वर्षानुवर्षं बघत राहायचं. काय खाते, कात कधी टाकते, अंडी कशी घालते. संग्रहालयात सगळे हसतात मला."

"म्हणजे अंबरवाल्यांशीसुद्धा हिची भाऊबंदकी?"

"तसंच समजा."

"मग तिचं असं कोण उरलं?"

"कुणीच नाही. त्या घराण्यात ती एकटीच."

साइमा उठली आणि कॉफी ओतायला गेली. तिला त्या किड्याबद्दल जे वाटलं ते शेजारणीबद्दल वाटावं तसं होतं. इतकी वर्षं आपल्या सौनाच्या भिंतीला लागून राहते आहे आणि आपण साधी चौकशीही केली नाही.

त्यानंतर हॅरिएट दर उन्हाळ्यात येऊ लागली. पुढच्या खोलीत आठवडाभर राहायची. दिवसभर ओंडक्यापाशी पोटावर पडून असायची आणि संध्याकाळी बोलायची. साइमासाठी वर्षाचे दोनच भाग उरले, हॅरिएट येण्याआधीचा आणि गेल्यानंतरचा. ती एप्रिलपासून पुढच्या खोलीच्या चादरी उन्हात टाकायची. तो आठवडा संपला की आपल्याच आवाजानं दचकायची. आपल्याला कुणाची तरी इतकी वाट बघता येते याची तिला लाज वाटायची, आणि तरी ती वाट बघायचीच.

एक गोष्ट मात्र जमली नव्हती. शनिवारी साइमा म्हणायची, "चला, दगड तापलेत." हॅरिएटचं डोकं दुखू लागे, नाहीतर टिपणं राहिलेली असत. खरं कारण साइमाला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तिकडच्या लोकांना एकमेकांसमोर उघड्या अंगानं बसायची सवय नसते. तिनं आग्रह केला नाही. पण सौनात न बसलेला पाहुणा हा उंबऱ्यावरूनच परत गेलेला पाहुणा, असं तिच्या लोकांत मानतात, आणि ते तिला दर वर्षी टोचायचं. चौथ्या उन्हाळ्यात निघताना गाडीच्या खिडकीतून हॅरिएट म्हणाली, "पुढच्या वर्षी तुमच्या सौनात बसणार. शब्द देते." आणि कानापर्यंत लाल झाली.

पुढच्या मे महिन्यात तिचा फोन आला. येते आहे, अमक्या शनिवारी दुपारपर्यंत पोचते, आणि शब्द लक्षात आहे. साइमा फोन ठेवून थेट सौनामागं गेली आणि ओन्नीच्या ओंडक्यासमोर उभी राहिली. खास पाहुणा आला की, तो म्हणाला होता. याहून खास कोण येणार होतं आता?

तिनं एस्कोला करवत घेऊन बोलावलं.

एस्कोनं डोकं खाजवलं. "अगं, तुझी किड्यांची बाई इथंच लोळत असते ना?"

"तिला साल हवी असते. लाकडाशी तिला काय करायचंय? साल मी ठेवणारच आहे की. सगळीच्या सगळी. बिचारी ओल्यात पडून एकेक तुकडा उचकटत बसते, खोकला होतो तिला. कोरडी रचून ठेवली तर टेबलावर बसून बघेल."

एस्कोनं विचार केला. "ते बरोबर आहे. साल कोरडीच पाहिजे."

या दोघांनाही ते इतकं उघड होतं, की दुसरं काही असू शकतं हे डोक्यात येणं शक्यच नव्हतं. दोघांचे बाप या डोंगरावर साल सोलायला आले होते. टॅनओकची साल, कातडी कमावायला लागायची ती. उन्हाळ्याच्या तोंडाला झाडात रस चढला की बुंध्याला कडं पाडायचं, लांब पत्रे एकसंध सोडवायचे, शेवाळ खरवडायचं, उन्हात वाळवायचे आणि छपराखाली रचायचे. पाऊस लागला की साल काळी पडली, आणि काळी साल कारखाना परत पाठवायचा. साइमानं लहानपणी एकदा रचलेल्या सालीवर ताडपत्री घालायला विसरण्याचा गुन्हा केला होता आणि बापाचा पट्टा खाल्ला होता. ओली साल म्हणजे चिखल, कोरडी साल म्हणजे साल, हे तिच्या पाठीवर लिहिलेलं होतं.

तिनं ती फरची साल बापाला अभिमान वाटावा अशी सोडवली. एकही पत्रा फाटला नाही. आतले किडे पळाले, इकडून तिकडे, ओल्या भुशात, गवतात. तिला वाटलं, पळतील आणि येतील परत, आपल्या घरी कोण येत नाही? खराट्यानं तिनं साल आतून-बाहेरून झाडली, शेवाळ काढलं, आठवडाभर उन्हात उलटीपालटी केली, आणि शेडमध्ये छपराला टेकेल इतकी उंच रचली. एस्कोनं दम खात खात ओंडका कापला. बाहेरचा थर भुसभुशीत झाला होता तो ओढ्यात ढकलला, आणि गाभा टणटणीत निघाला तो फोडला. संध्याकाळी दोघं त्या गंजीकडे बघत कॉफी प्यायले.

"ओन्नी असता तर म्हणाला असता, ठीक आहे," एस्को म्हणाला. ओन्नीच्या तोंडची ती सगळ्यात मोठी शाबासकी होती.

हॅरिएट आली तेव्हा सौना धडधडून पेटलेला होता आणि साइमानं निळा झगा घातला होता. तिनं पाहुणीला घरात नेलंच नाही, हाताला धरून शेडमध्ये नेलं.

"बघा."

हॅरिएटनं बघितलं. एक पत्रा उचलला, उलटा केला, बोटानं आतली बाजू पुसली. बोटाला काहीच लागलं नाही. "किती सुंदर रचलीय," ती म्हणाली. साइमाचं मन भरून आलं. मग तिच्या लक्षात आलं, की हॅरिएट पिशवीतून काढलेला कुंचला परत पिशवीत ठेवते आहे, आणि पिशवीचं बकल लावते आहे.

"लाकूड कुठंय?" हॅरिएटनं विचारलं.

साइमानं सौनाच्या धुराड्याकडं बोट दाखवलं.

हॅरिएट शेडच्या पायरीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं अगदी हळू सांगितलं, की ही कसर सालीत राहत नाही. साल आणि कुजतं लाकूड यांच्या मध्ये, ओलीत राहते. ओल गेली की मरते. आणि कंपनीनं आजूबाजूचा डोंगर साफ केल्यापासून हॅरिएटच्या माहितीत कसरीचा असा हा एकच ओंडका उरला होता, आणि तिचं सगळं काम याच ओंडक्यावर होतं.

"दुसरं झाड पाडते," साइमा म्हणाली. "आत्ता. एस्कोला बोलावते."

"ते कुजायला किती वर्षं लागतील, मिसेस केत्तुला?"

साइमाला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. तिनं ओठ घट्ट मिटले, कारण रडणं आलं तर पाहुणीला तिची समजूत काढत बसावं लागलं असतं, आणि तेवढा हक्क आपल्याला आता नाही हे तिला कळत होतं.

मग हॅरिएट उठली. "दगड तापले असतील ना?"

"राहू द्या ते."

"शब्द दिला होता मी."

ती आली ती पोहण्याचा पोशाख घालून. इतक्या दुःखातही साइमाच्या तोंडून निघून गेलं, "ओढ्यात पोहायला निघालात की काय?" हॅरिएट थबकली, आत गेली आणि टॉवेल गुंडाळून आली. दोघी वरच्या बाकावर बसल्या. साइमानं दगडांवर पाणी मारलं. ओन्नीच्या लाकडाची आच खरोखरच वेगळी होती, खोल आणि मऊ. वाफ दोघींच्या मध्ये उभी राहिली. हॅरिएटच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि तो घाम होता की दुसरं काही, ते सौनात विचारायचं नसतं.

"आता अहो-जाहो नको," साइमा शेवटी म्हणाली. "इथं एकदा बसलेल्या माणसाला आम्ही अहो म्हणत नाही."

"बरं, साइमा," हॅरिएट म्हणाली.

आठवड्याऐवजी ती सोमवारी सकाळीच निघाली. बघण्यासारखं काही नव्हतंच. गाडीत बसताना तिनं साइमाचा हात दाबला आणि "पुढच्या वर्षी" हे शब्द उच्चारले नाहीत. साइमानं ते ऐकू येतील म्हणून गाडी वळणाआड जाईपर्यंत वाट पाहिली. नाताळात संग्रहालयाचं छापील शुभेच्छापत्र आलं. खाली सही होती.

त्याआधी नोव्हेंबरमध्ये एस्को गेला. मेला नाही, युरेकाला मुलीकडे राहायला गेला, पण डोंगराला तेवढाच फरक. निरोप घ्यायला आला तेव्हा तोंडावर आलेलं दुःख लपवायला तो नेहमीपेक्षा जास्त खवचट बोलत होता.

"विकून टाक हे सगळं. ये युरेकाला. कुणाची वाट बघतेस? त्या बाईची?"

"येईल की."

"अगं, किड्यांसाठी येत होती ती. किडे संपले. आता काय तुझं तोंड बघायला येणार आहे?"

"माझ्या तोंडाला काय झालंय?"

"काही नाही," एस्को म्हणाला, आणि मान फिरवून बराच वेळ खोकत राहिला. "बरं आहे तोंड. मी बघतोच की इतकी वर्षं."

त्या हिवाळ्यात साइमा कुणाशी बोलली नाही असे दिवसच जास्त होते. एस्कोचा फोन यायचा तेव्हा तोच बोलायचा. शनिवारी ती सौना तापवायची आणि खालच्या बाकावर बसायची. वरच्या बाकावर आता तिला बसवत नव्हतं. माणूस नसण्याची तिला सवय होती. पण एकदा कुणीतरी शेजारी बसून गेलं की त्या सवयीचा काही उपयोग राहत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये पाऊस ओसरल्यावर ती ओढा ओलांडून गेली. वर एक जुनी वाट होती, बापाची खेचरं साल वाहून आणायची ती. पलीकडचा उतार इतका तुटका होता, की कंपनीची यंत्रं तिथं पोचली नव्हती. काठी टेकत, बसत-उठत ती वर गेली. आणि तिथं एक फर पडलेलं होतं, तिच्या जन्माआधी पडलं असावं इतकं जुनं, शेवाळानं झाकलेलं. ती गुडघ्यांवर बसली. ओन्नीची सुरी सालीत घातली आणि हॅरिएट उचलायची तशी हलकेच उचलली.

तांबूस. तीन शेपट्या. मिशा हवेत फिरवत तो किडा क्षणभर थांबला आणि ओल्या अंधारात पळाला. मग आणखी एक.

"अगं बाई," साइमा म्हणाली. "इथं आहेस होय तू." ती रडली, अगदी मोठ्यानं, ऐकायला कुणी नव्हतं म्हणून मनमोकळी रडली. मग साल होती तशी बसवली आणि वरून दोनदा थोपटली.

घरी येऊन तिनं चिखलाचे बूटही न काढता फोन उचलला. संग्रहालयाचा नंबर तिला पाठ होता. अर्धे आकडे फिरवून झाले आणि तिला एस्कोचं बोलणं आठवलं, किड्यांसाठी येत होती ती. तिचं बोट चकतीच्या भोकात तसंच राहिलं. तिनं फोन खाली ठेवला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

जून आला. तिनं चादरी उन्हात टाकल्या, स्वतःला मूर्ख म्हणाली, आणि काढून घडी घातल्या. जुलै गेला. फोनकडे ती दिवसातून कितीदा बघायची याचा तिला राग यायचा. एक वाक्य पुरलं असतं. आठवड्याच्या आत ती गाडी दारात उभी राहिली असती. कित्येकदा तिनं फोन हातात घेतला, आणि प्रत्येक वेळी खाली ठेवताना मागच्या वेळेपेक्षा जास्त जोर लागला. एस्कोनं फोनवर विचारलं, "आली का तुझी बाई?" तेव्हा तिनं त्याला हवामान सांगितलं.

ऑगस्टअखेरच्या एका शनिवारी तिनं नेहमीसारखा सौना तापवला. धुकं लवकर आलं होतं आणि धूर जेमतेम झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढत होता. ती बादली भरून ओढ्यावरून येत होती तेव्हा गाडीचं दार वाजलं.

हॅरिएट उभी होती. काखेत टॉवेल होता.

"वळणावरून धूर दिसला," ती म्हणाली.

साइमानं आधी तिच्या हातांकडे पाहिलं, मग खांद्याकडे, मग गाडीच्या मागच्या बाकाकडे. चामड्याची पिशवी कुठंच नव्हती. कुंचले नव्हते, कुप्या नव्हत्या, भिंगही नव्हतं. तिनं बादली खाली ठेवली.

"एवढ्या लांबून धूर दिसला?"

"दिसला," हॅरिएट म्हणाली. "संग्रहालयानं मला जूनमध्ये घरी बसवलं. निवृत्त म्हणतात त्याला. मोठा केक आणला होता. मग मी घरी बसले, आणि मला आठवेना, की शनिवारी लोक काय करतात."

साइमानं बादली उचलली. "दगड तापलेत," ती म्हणाली.

त्या वरच्या बाकावर बसल्या. हॅरिएटनं स्वतःच दगडांवर पाणी मारलं, जरा जास्तच मारलं, आणि दोघी खोकत हसत सुटल्या. ओंडक्याचं नाव हॅरिएटनं काढलं नाही. तिथं आता नेटलचं खाजरं रान उगवलं होतं आणि तिनं तिकडं वळूनही पाहिलं नव्हतं.

अंग पुसून, टॉवेल गुंडाळून त्या पायरीवर येऊन बसल्या. साइमानं कॉफी आणली, पाव कापला. अंगातून वाफा निघत होत्या. पलीकडच्या उतारावर धुकं उतरत होतं.

"ओढ्यापलीकडं एक फर पडलंय," साइमा म्हणाली. "फार जुनं. त्यात आहेत त्या. मार्चमध्ये बघितल्या मी."

हॅरिएटनं कप खाली ठेवला. "मार्चमध्ये?"

"साल परत नीट बसवलीय. झाडली नाही या वेळी."

"साइमा, पाच महिने झाले. माझी नोकरी होती तेव्हा. एक फोन करायचास. सांगितलं का नाहीस?"

साइमानं टॉवेलच्या टोकानं नाक पुसलं.

"सांगितलं असतं तर तू आली असतीस," ती म्हणाली.

हॅरिएटनं पावाचा तुकडा कॉफीत बुडवला होता, तो मऊ होऊन कपात पडला तरी तिची बोटं तशीच वर धरलेली राहिली.